ड्रायव्हर जेवून येईपर्यंत

विदर्भातून गोव्याला येणाऱ्या सहलीच्या बसचा दिवस ठरलेला असतो. सकाळी एखादा समुद्रकिनारा, बारा-साडेबाराला जुनं गोवं, आणि ऊन उतरायच्या आत मंगेशी. जुन्या गोव्यासाठी ठेवलेला वेळ खरं म्हणजे ड्रायव्हरच्या जेवणाचा असतो. बरोबर आचारी असेल तर पार्किंगच्या कडेला पोळ्या लाटल्या जातात, नसेल तर ड्रायव्हर एकटाच राइस प्लेट शोधायला निघतो. तो जेवून, बडीशेप चघळत परत येऊन हॉर्न वाजवेपर्यंतचा पाऊण तास माझ्या वाट्याला येतो. युरोपातल्या धार्मिक कलेबद्दल मी आजवर जे काही बोललो, ते असल्याच पाऊण तासांत.

मी मूळचा वरवट बकालचा. बुलढाणा जिल्ह्यातला संग्रामपूर तालुका, आमच्या भाषेत घाटाखालचा मुलूख. शेगावहून जळगाव जामोदकडे निघालं की वाटेत आमचं गाव लागतं. उत्तरेला सातपुडा दिसतो, शेतात कापूस असतो, केळी असते, आणि विहिरीला पाणी लागलं तरी ते गोड निघेल याची खात्री नसते, कारण हा खारपाणपट्टा. खामगावला चित्रकला शिकलो तेव्हा कलेच्या इतिहासाच्या पुस्तकात मायकेलअँजेलो आणि राफाएल काळ्या-पांढऱ्या छपाईत, टपालाच्या तिकिटापेक्षा थोडे मोठे दिसायचे. परीक्षेला त्यांच्यावर टिपा लिहिल्या, मार्क मिळाले. कला-शिक्षकाची नोकरी काही मिळाली नाही. गोव्यात नात्यातला एक मुलगा हॉटेलात होता, त्याच्या ओळखीने आलो आणि मराठी गटांना जुनं गोवं दाखवायच्या कामाला लागलो.

या कामाची जागा फार मोठी नाही. रस्त्याच्या एका बाजूला बॉम जेझूस, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं चर्च. दुसऱ्या बाजूला एकाच आवारात से कॅथेड्रल आणि असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च, आणि त्याला लागून जुन्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय, १९६४ पासूनचं. टेकडीवर सांता मोनिकाचा मठ. १६०६ ते १६२७ या काळात बांधलेल्या या मठात ऑगस्टिनियन जोगिणी राहत. आता तिथे ख्रिस्ती कलेचं स्वतंत्र संग्रहालय आहे. ते आधी १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं आणि २००२ मध्ये इथे आलं. टेकडी चढायला बसवाल्यांकडे वेळ नसतो, म्हणून तिथे नेता येतात ते फक्त आपण होऊन आलेले, चार-सहाजणांचे गट. बाकीच्यांसाठी मी पिशवीत मोठे लॅमिनेट केलेले फोटो ठेवतो.

चर्चच्या आत मोठ्याने बोलायचं नसतं, कारण ती प्रार्थनेची जागा. त्यामुळे माझं बोलणं आधी बाहेर, सावलीत होतं. लोक पायऱ्यांवर, कठड्यावर टेकतात. कोणाच्या हातात पाण्याची बाटली, कोणी पिशवीतून चिवडा काढलेला. पहिला प्रश्न बहुतेक वेळा बाईमाणसाचा असतो: "भाऊ, आपल्याले आत जाऊ देतेत का?" देतात म्हटलं की पुढचा: "चपला कोठी ठेवाच्या?" चर्चमध्ये चपला काढायची पद्धत नाही, हे मी सांगतो. तरी निम्मेजण दारातच काढतात आणि बायका डोक्यावरून पदर घेतात. मी अडवत नाही. आत संत फ्रान्सिसच्या चर्चच्या जमिनीत तर जुन्या सरदार-घराण्यांच्या कोरीव थडग्यांचे दगडच बसवलेले आहेत. त्यांवरून चालताना आमची माणसं अंग चोरून, कडेकडेने जातात. तोल सांभाळत जाणारी ती रांग पाहिली की वाटतं, या लोकांना आदर शिकवायची गरज नाही. त्यांना घाई मात्र सोडायला लावावी लागते.

सुरुवात मी ओळखीपासून करतो. फोटोंची चळत काढतो आणि विचारतो, हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं असलं तर कोण? सगळे एकदम म्हणतात, गाडगेबाबा. खंजिरी? तुकडोजी महाराज. चिलीम? हे विचारायचीही सोय नसते, शेगावाकडचे लोक गजानन महाराजांना आधीच हात जोडतात. मग सांगतो, ख्रिस्ती संतांचंही तसंच. तोंडावळ्यावरून ओळखायला जाऊ नका, कारण कोणाचा चेहरा खरा कसा होता ते चित्रकारालाही ठाऊक नव्हतं. हातातली वस्तू बघा. किल्ल्या असल्या तर संत पीटर. अंगात बाण रुतलेले असले तर सबॅस्टियन. कडेवर बाळ येशू घेतलेला संन्यासी असला तर अंतोनी. मोडकं चाक असलं तर कॅथरिन. एवढं सांगून आत सोडलं की पोरं संत शोधत फिरतात, आणि मोठी माणसं पोरांच्या मागे.

कॅथरिन सगळ्यांना लवकर सापडते, कारण से कॅथेड्रल तिचंच. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवं जिंकलं तो २५ नोव्हेंबरचा दिवस तिच्या सणाचा होता. आज दिसतं ते कॅथेड्रल १५६२ मध्ये बांधायला घेतलं आणि मुख्य इमारत १६१९ मध्ये पुरी झाली. समोरून बघताना एक बुरूज नाही हे लोकांच्या लगेच लक्षात येतं. तो १७७६ मध्ये पडला. मुख्य वेदीच्या मागे छतापर्यंत गेलेली कोरीव लाकडाची सोनेरी भिंत आहे आणि तिच्यावर कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. अलेक्झांड्रियाची ही शिकलेली राजकन्या. बादशहाने तिच्याशी वाद घालायला पंडित आणले, ते हरले. मग तिला खिळ्यांच्या चाकाला बांधून मारायचं ठरलं, तर चाकच मोडलं. शेवटी तलवारीने शिर उडवलं. ही गोष्ट मी बाहेरच सांगून टाकतो. आत गेल्यावर माणसं मान वर करून प्रसंग लावत बसतात, हे वादाचं, हे चाकाचं. शेगावच्या यात्रेत गजानन महाराजांच्या लीलांचे फोटो बघणाऱ्या डोळ्यांना हे वाचन जड जात नाही.

इथवर काम सोपं असतं, आणि थांबायचा मोहही इथेच होतो. कारण याच वेळी गटातलं कोणीतरी समाधानाने म्हणतं, "म्हंजे आपल्यासारखंच की हे सगळं." सगळे माना डोलवतात. वातावरण फार चांगलं होतं. आणि त्यानंतर कोणीही कशाकडेही बघत नाही. आपल्यासारखंच आहे ना, मग बघायचं काय? मोबाइल बाहेर येतात, वेदीकडे पाठ करून फोटो निघतात. साम्य सांगितल्याने भीती जाते हे खरं, पण कुतूहलही तिच्याबरोबर निघून जातं. म्हणून त्या वाक्यानंतर मी मुद्दाम उलट्या दिशेने चालू लागतो. जे आपल्यासारखं नाही, ते दाखवतो.

पहिला फरक क्रुसावरच्या येशूचा. आमच्याकडे देव मारला जात असताना, जखमा वाहत असताना कोणी देव्हाऱ्यात ठेवत नाही. कृष्णाला बाण लागला ही गोष्ट सर्वांना ठाऊक, पण त्याची मूर्ती कोणाच्या घरी नाही. आपली मूर्ती आपल्याकडे बघते, आशीर्वादाचा हात वर असतो, आपण नजरेला नजर देतो. क्रुसावरचा येशू आपल्याकडे बघत नाही. मान कललेली, डोळे मिटलेले किंवा वर लागलेले. आपण दर्शनाला आलेलो नसतो, एका मरणाचे साक्षीदार म्हणून उभे असतो. हे सांगितल्यावर गटात थोडी चुळबूळ होते. एकदा मूर्तिजापूरकडच्या एक आजी बराच वेळ क्रुसासमोर थांबल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "मले तं त्याच्या मायचंच वाईट वाटलं." युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतकं नेमकं हेच वाटावं म्हणून रंग घोटले होते. आजींना ते कोणी शिकवलं नव्हतं. त्या फक्त थांबल्या होत्या.

दुसरी गोष्ट काळाची. से कॅथेड्रलचं काम सुरू झालं त्या सुमाराला खुद्द युरोपात मूर्ती असाव्यात की नसाव्यात यावर रक्त सांडत होतं. मार्टिन ल्यूथरनंतर कॅथलिक पंथाला आव्हान देणारे पंथ उभे राहिले होते आणि त्यांतल्या काहींना चर्चमधल्या मूर्ती म्हणजे निव्वळ पाखंड वाटे. १५६६ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समध्ये जमावांनी चर्चमध्ये घुसून पुतळे फोडले, चित्रं फाडली. उलट बाजूने कॅथलिक धर्ममार्तंडांनी ट्रेंटच्या परिषदेत १५६३ मध्ये ठरवलं की चित्रं आणि मूर्ती राहतील. मान त्या लाकडाला किंवा रंगाला नाही, ज्याची प्रतिमा आहे त्याला. आणि न शिकलेल्या माणसाला धर्म समजावायचं ते साधन आहे. जुन्या गोव्यातला हा सगळा सोनेरी थाट त्या वादात एका पक्षाने दिलेलं उत्तर आहे. आमच्या लोकांना यात मोठा रस वाटतो, कारण मूर्ती हवी की नको हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. गावात वारकरी, महानुभाव आणि सत्यशोधकी विचाराची घरं शेजारी-शेजारी असली की असे वाद ओट्यावर ऐकत माणूस मोठा होतो.

आणि मूर्ती फोडण्याचा विषय निघाला की तो प्रश्न येतोच. बहुतेक वेळा मागे उभ्या असलेल्या एखाद्या तरुण पोराकडून येतो, जरा चढ्या आवाजात: "सर, हे सगळं देवळं पाडूनच बांधलं ना?" काही गाइड हा प्रश्न हसून टाळतात, काही त्याच्यावरच सगळा पाऊण तास पेटवतात. मी सरळ उत्तर देतो. तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमारास पाडली गेली, साष्टीतली १५६७ मध्ये. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मद्रोह तपासणारं न्यायालय, आलं, मधली काही वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत टिकलं. तुम्ही संध्याकाळी ज्या मंगेशाचं दर्शन घेणार आहात तो मुळात कुठ्ठाळीचा. भक्तांनी त्याला जुवारी नदीपलीकडे, पोर्तुगीज हद्दीच्या बाहेर प्रियोळला नेलं. कवळ्याची शांतादुर्गा केळशीहून अशीच गेली. इथल्या पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात जुन्या हिंदू मूर्ती आणि वीरगळही ठेवलेले आहेत, तेही बघा.

मग मी त्या पोराला दुसरा अर्धा भाग ऐकवतो. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांसाठी हुकूम काढला की आपल्या देवाच्या मूर्ती आणि चित्रं हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नका. असा हुकूम कधी निघतो? लोक सर्रास करून घेत असतात तेव्हाच. आणि हुकूम निघाल्यावरही काम थांबलं नाही, कारण हात इथलेच होते. लाकूड कोरणारे, चांदी ठोकणारे, हस्तिदंत घडवणारे. म्हणून गोव्यातल्या काही चर्चमध्ये धर्मोपदेशकाच्या व्यासपीठाखाली चक्क नागकन्या कोरलेल्या दिसतात. ज्याचं देऊळ गेलं, त्याच वस्तीतल्या कोणाच्या तरी छिन्नीने ही वेदी घडली. यात अभिमान बाळगायचा की राग, ते मी सांगत नाही. दोन्ही गोष्टी एकाच भिंतीत आहेत, एवढं सांगतो. पोरगं बहुतेक वेळा गप्प होतं, कधीकधी वाद घालतं. वाद घालणारे मला आवडतात. ते आत जाऊन पुरावा शोधतात, म्हणजेच बघतात.

संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये मात्र वाद न घालता लोक हसतात. हा असिसीचा फ्रान्सिस एका कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याने बापाची संपत्ती, अंगावरचे कपडेसुद्धा टाकून दिले आणि १२२६ मध्ये वारला तेव्हा त्याच्याजवळ काही नव्हतं. इथे मुख्य वेदीवर तो क्रुसावरच्या येशूला मिठी मारून उभा आहे, आणि खाली त्याची तीन व्रतं पोर्तुगीजमध्ये लिहिली आहेत: दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. भोवताली जमिनीपासून कमानीपर्यंत सोन्याचा मुलामा. अकोटच्या एका शेतकऱ्याने मला विचारलं, "गरिबीचं व्रत व्हय, तं मंग एवढं सोनं कायले?" हा प्रश्न फ्रान्सिसच्या अनुयायांनी त्याच्या मरणानंतर लगेच एकमेकांना विचारायला सुरुवात केली होती आणि त्यावरून त्यांच्यात फूट पडली होती. मी त्याला सांगितलं, काका, तुमच्या या प्रश्नावर युरोपात शंभर वर्षं भांडणं झाली. त्याने टोपी सारखी केली. त्याला बरं वाटलेलं दिसलं. वेदीच्या दोन्ही अंगांना लाकडी फळ्यांवर फ्रान्सिसच्या चरित्रातली चित्रं आहेत. तो आणि त्याची बायको त्यांतल्या एकेका चित्रापाशी थांबत गेले.

रस्त्यापलीकडे बॉम जेझूसमध्ये प्रश्न एकच, वर्षानुवर्षं तोच: "बॉडी ओरिजिनल आहे का?" फ्रान्सिस झेवियर १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला, पुढे त्याचं शव मलाक्कामार्गे गोव्यात आलं, आणि साधारण दहा वर्षांनी ते लोकांच्या दर्शनाला खाली आणतात, अलीकडे २०२४ च्या नोव्हेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत आणलं होतं. एवढं सांगून मी त्यांची नजर शवावरून पेटीवर नेतो. ती चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच सोनारांनी घडवली. तिच्यावर झेवियरच्या आयुष्यातले बत्तीस प्रसंग आहेत. पेटीखालचा रंगीत संगमरवराचा चौथरा मात्र इटलीतून आला. फ्लोरेन्सच्या जोव्हान्नी बातिस्ता फोज्जीनी या शिल्पकाराने तो केला, टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने भेट पाठवला, आणि १६९८ मध्ये इथे उभा केला. चौथऱ्यावर चार कांस्यपट आहेत: उपदेश, बाप्तिस्मा, हल्ला आणि मृत्यू. एकच चरित्र वर गोव्याच्या सोनाराने सांगितलं आहे, खाली फ्लोरेन्सच्या शिल्पकाराने. वर प्रसंग दाटीवाटीने, पोथीतल्या चित्रांसारखे. खाली मोजके, नाटकातल्या प्रवेशासारखे. हा फरक दाखवला की लोक शव विसरतात. सोनारकीच्या धंद्यातला एकजण तर म्हणाला की चौथऱ्यापेक्षा वरचं काम कठीण आहे, आणि का ते त्याने मलाच समजावून सांगितलं. ठोकून उठवलेल्या पत्र्यात चूक झाली तर ती मिटवता येत नाही, असं त्याचं म्हणणं.

पाऊण तासात हे सगळं मावत नाही हे उघड आहे. यावर मला एक उत्तर लंडनच्या एका गोष्टीत सापडलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने तिथल्या नॅशनल गॅलरीने आपली चित्रं बाहेर हलवली. पुढे ती वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत ठेवली. रिकाम्या दालनांत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत संगीताचे कार्यक्रम व्हायचे. १९४२ पासून मात्र दर महिन्याला एखादंच चित्र परत आणून लावायचं असं ठरलं. लोकांनी सुरुवातीला मागून घेतलेल्या चित्रांत टिशियनचं 'नोली मे तांगेरे' होतं: पुनरुत्थान झालेला येशू, आणि त्याला ओळखून पुढे हात करणारी मेरी माग्दालेना. घरं पडत असताना माणसं जेवणाच्या सुट्टीत ते एक चित्र बघायला येत. हे वाचल्यावर मी माझी यादी कापली. आता मी गटाला विचारतो, आज एकच वस्तू नीट बघू, कोणती बघायची? वेदी, पेटी की हस्तिदंताची मूर्ती? लोक आपसात ठरवतात. ठरवायला लावलं की ती वस्तू त्यांची होते.

हस्तिदंताची मूर्ती म्हणजे माझ्या पिशवीतल्या फोटोतला 'भला मेंढपाळ'. सतराव्या शतकापासून गोव्यात अशा मूर्ती कोरल्या गेल्या आणि पोर्तुगालला गेल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही त्या आहेत. पायऱ्या-पायऱ्यांचा डोंगर, त्याच्या टोकावर मेंढीच्या कातड्याचा अंगरखा घातलेला बाळ येशू. खांद्यावर एक कोकरू, मांडीशी दुसरं, कमरेला पाण्याचा भोपळा. खाली झऱ्यावर पाणी पिणारे पक्षी, चरणाऱ्या मेंढ्या, आणि तळाच्या गुहेत आडवी झालेली मेरी माग्दालेना. बाळाने गाल हातावर टेकला आहे, डोळे मिटले आहेत. मी हा फोटो दाखवून नेहमी डोंगरावरचं एकेक जनावर मोजून घ्यायचो. मिटलेल्या डोळ्यांबद्दल अभ्यासकांनी सांगितलेलं, ध्यानस्थ बुद्धमूर्तीच्या छापाचं, तेही सांगायचो.

मग एका डिसेंबरात गावी गेलो असताना एका शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी बोलावलं. वर्गांचं वेळापत्रक भरलेलं, म्हणून मधल्या सुट्टीत बोला म्हणाले. पोरं खिचडीची ताटं घेऊन व्हरांड्यात बसलेली, मी भिंतीला फोटो टेकवून उभा. कॅथरिनचं चाक त्यांना आवडलं, सबॅस्टियनचे बाण जास्त आवडले. मेंढपाळाचा फोटो लावला तेव्हा मेंढ्या असलेल्या घरातला एक मुलगा, तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला, "सर, हा झोपला काहून? मेंढ्या वळतानी झोपत नसतेत. लांडगा नाही येणार का?" बाकीचे हसले. तो हसला नाही. त्याला खरंच हवं होतं उत्तर. त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, "तो झोपला नाही, तो आइकून राह्यला." मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटीवरून कळपाचा अंदाज घेतात, हे तिला ठाऊक होतं. मग त्यावर तिथेच चर्चा जुंपली. झोपला, ऐकतो आहे, थकला आहे, रडून झालं आहे. एकाने विचारलं, मोठेपणी ह्यालाच क्रुसावर मारलं का? हो म्हटल्यावर तो म्हणाला, मग त्याला आत्ताच समजलं असेल. सुट्टीची घंटा झाली तरी ताटं तशीच होती.

या मुलांनी बुद्धाचं ध्यान ऐकलं नव्हतं, ट्रेंटची परिषद ऐकली नव्हती. पण त्यांनी चित्रातल्या विसंगतीवर बोट ठेवलं, आणि हीच विसंगती त्या मूर्तीचा गाभा आहे. राखण करणारा डोळे मिटतो आणि तरी कळप निर्धास्त चरतो, हे कारागिराने समजून केलं आहे. त्या दुपारनंतर मी गोव्यात फोटो लावून आधी काहीच सांगत नाही. विचारतो, यात तुम्हाला न पटणारं काय आहे? आमच्या शेतकरी माणसाला जनावरांतलं, पिकातलं, अवजारातलं खोटं लगेच दिसतं. तिथून तो चित्रात शिरतो. ख्रिस्ती धर्म नंतर येतो, आणि आला तर नीट येतो.

भाषेचाही एक धागा मला या कामात सापडला. टॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने येशूची कथा मराठीत, ओवीत लिहिली. दहा हजारांहून जास्त ओव्यांचं हे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. त्या पहिल्या छपाईची प्रत आज मिळत नाही. १९०७ मध्ये मंगळूरला छापलेल्या आवृत्तीमुळे ते पुन्हा लोकांपुढे आलं. हे मी सांगितलं तेव्हा शेगावजवळच्या एक काकू, दर गुरुवारी 'गजानन विजय' वाचणाऱ्या, पुढे सरसावल्या. त्यांना एकवीस अध्यायांची पोथी एका बैठकीत पुरी करायची सवय. "दहा हजार ओव्या? मंग पारायण एका दिवसात नाही होनार." येशूच्या चरित्राविषयी इतका कामाचा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. वेदीवरचं चित्र आणि ती ओवी एकाच काळातली, एकाच हेतूने केलेली, हे त्यांना मी वेगळं समजावलं नाही. ग्रंथ आधी वाचून दाखवायचा असतो आणि चित्र बघायचं असतं ते त्याच्याच सोबतीने, हे त्यांच्या घरातच होतं.

कधीकधी गावाकडचे लोक विचारतात, तू तिकडे ख्रिस्ती देवांची माहिती सांगतोस, त्यात आपल्याले काय मिळते? पूर्वी मी म्हणायचो, ज्ञान मिळतं. आता त्यांना सरळ लोणारला जायला सांगतो. आपल्याच जिल्ह्यात, सरोवराच्या गावात दैत्यसूदनाचं मंदिर आहे. त्याच्या छतात हिरण्यकशिपूच्या वधासारखे प्रसंग कोरलेले आहेत, आणि सहलीची बस तिथे जेमतेम वीस मिनिटं थांबते. लोक सरोवराच्या काठावर फोटो काढतात, मंदिरात हात जोडतात, छताकडे मान वर करायच्या आत बाहेर पडतात. कोणता प्रसंग, कोणी का कोरला, त्यात न पटणारं काय आहे, असं विचारणारं तिथे कोणी उभं नसतं. परक्या देवाचं चित्र बघताना माणूस घाई करत नाही, कारण त्याला काहीच आधीपासून माहीत नसतं. ती सवय एकदा लागली की आपल्या देवापुढेही तो तसाच थांबू शकतो, नमस्कार करून झाल्यावर.

त्या चित्रकलेच्या सरांना मी हेच म्हटलं. पुढच्या सहलीला गोव्याचा खर्च झेपत नसेल तर राहू द्या, लोणार जवळ आहे. मधल्या सुट्टीत पोरांना छताचे फोटो दाखवा, आधी काही सांगू नका, त्यांना भांडू द्या, मग बस काढा. सर म्हणाले, ड्रायव्हर तिथे जास्त वेळ थांबायला तयार होत नाही. मी म्हटलं, त्याला जेवायला पाठवा.